आठ बाण, बारा फोटो

धान कापून झालं की आमच्या भंडाऱ्याच्या हवेला एक कोरडा, गोडसर वास येतो. तो नव्या तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा. एस.टी.ने कुठेही निघा, दोन्ही बाजूंना बांध्यांमध्ये, म्हणजे शेतांत, कापलेल्या धानाचे पुंजणे रचलेले दिसतात, डांबरी रस्त्याच्या अर्ध्या भागावर कुणीतरी धान वाळत घातलेलं असतं आणि बसस्टँडवर टोपल्यांतून उकडलेले शिंगाडे येतात. या दिवसांबद्दल मला हळवं होता येत नाही. धुळीने नाक वाहतं, शिंगाडे सोलून नखं काळी होतात आणि रस्त्यावरच्या धानाने काय केलं ते पुढे सांगतेच. पण गावाबाहेरच्या मैदानावर शेतीच्या प्रदर्शनासाठी सामान उतरायला लागलं, की मी दरवर्षी काहीतरी निमित्त काढून तिकडे एक चक्कर मारून येते.

परवाही गेले होते. आता दालनांना बांबू नसतात. ॲल्युमिनियमच्या कांबी, छापील कापड, चार माणसं आणि चार स्क्रू-ड्रायव्हर. दुपारच्या जेवणापर्यंत दालन उभं. त्यात वाईट काही नाही, सुटसुटीत काम आहे. एका ट्रॅक्टरच्या दालनासमोर पंधरावीस माणसं होती आणि सगळ्यांची पाठ दालनाकडे होती. जो तो हात लांब करून फोनमध्ये स्वतःचा फोटो काढत होता. मी तिथे उभी राहून हसत होते.

एका मुलीला दया आली असावी. "काकू, तुमचा काढून देऊ का?"

"नको गं," म्हटलं. "मला दालनाचा हवाय. तुम्ही जरा बाजूला व्हाल का सगळे?"

ती बाजूला झाली. तिच्या जागी लगेच दुसरे तिघे येऊन उभे राहिले. मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत इथे काही म्हणजे काही बदललेलं नव्हतं.

सत्तरीचं दशक सरत आलं होतं. मी एकवीस वर्षांची, बी.ए. झालेली आणि बाबूजींच्या स्टुडिओत कामाला. बाबूजी म्हणजे माझे वडील. गावात त्यांचा जुना स्टुडिओ होता. फिल्म धुणं, फोटो छापणं, त्यांच्या कडा कापणं, निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण पुसणं, हे सगळं माझ्याकडे. कॅमेरा मात्र बाबूजींकडे. स्टुडिओत एखादा पासपोर्ट फोटो मी काढला तर त्यांची हरकत नसे. बाहेरचं काम म्हणजे लग्नं, शाळांचे ग्रुप, पुलांची उद्घाटनं. ते माझं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

कारणं तीन. एस.टी. वेळेवर येत नाही. लग्नात वऱ्हाडी पिऊन येतात. कॅमेऱ्याचं स्टँड जड असतं. यातलं तिसरं साफ खोटं होतं. डार्करूममधले रसायनांचे डबे त्याहून जड असत आणि ते मीच उचलत असे.

मला बाहेरचं काम हवं होतं. त्यामागे फार थोर विचार होता असं नाही. दिवसभर लाल दिव्याखाली उभं राहून दुसऱ्याने पाहिलेलं जग धुवायचा मला कंटाळा आला होता, एवढंच.

मग त्या वर्षी धान निघालं, रस्त्यावर वाळत पडलं आणि बाबूजींची सायकल त्याच्यावरून घसरली. उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर. तेव्हापासून रस्त्यावर धान दिसलं की मी स्कूटरवरून उतरून ती हाताने ढकलत नेते, पण मनातल्या मनात त्याचे आभारही मानते.

प्लास्टर ओलं होतं त्याच आठवड्यात रेगेसाहेब आले. पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीचं दालन यंदा आमच्या प्रदर्शनात लागणार होतं आणि त्याची रचना करायला कंपनीने या गृहस्थांना मुंबईहून पाठवलं होतं. बारीक अंगाचे, तपकिरी बूट, खिशाला तीन पेन्सिली. पावसाळ्याआधी ते आमच्या भागात हिंडून गेले होते. तेव्हा एका घरात त्यांनी धान साठवायची ढोली पाहिली. बांबूची विणलेली, पोटाशी फुगीर, शेणामातीने लिंपलेली, माणसाच्या उंचीची ती टोपली आमच्याकडे घराघरांत असते; तिच्याकडे कुणी वळूनही पाहत नाही. रेगेसाहेबांनी पाहिलं आणि ठरवलं, की कंपनीचं दालन म्हणजे एक अडीच पुरुष उंचीची ढोली असेल. वर तणसाची टोपी, आत पंप. कारधा गावचे बांबूकाम करणारे कारागीर महिनाभर ती विणत होते.

त्यांनी काउंटरवर नकाशा पसरला. मधे गोल आणि गोलाभोवती आठ बाण.

"हे आठ फोटो. बाण जिथे आहे तिथूनच आणि लिहिलंय त्याच उंचीवरून. रेषा सरळ हव्यात. आणि एक लक्षात ठेवा, एकाही फोटोत माणूस नको."

बाबूजींनी चष्मा कपाळावर चढवला. "मानूस नको? मंग फोटो कायचा?"

"रचनेचा."

"रचनेचा," बाबूजी कडू औषध चाखल्यासारखे म्हणाले.

हे फोटो मुंबईला संचालकांपुढे जाणार होते. ते पाहून कंपनी ठरवणार होती, की पुढच्या हंगामात अशी दालनं आणखी कुठे करायची की पुन्हा कापडी तंबूच लावायचे. रेगेसाहेबांनी सगळं समजावून सांगितलं आणि मग त्यांचं लक्ष प्लास्टरकडे गेलं.

"काढणार कोण?"

"पोरगी. मी राहीन नं बाजूले. तिनं फक्त बटन दाबाचं."

ते गेल्यावर बाबूजी मला म्हणाले, "हे एक काम नीट झालं, तर बाहेरच्या कामाचं पाहू. बिघडलं, तर पुन्हा विषय काढाचा नाही. कबूल?"

"कबूल."

"रोल एकच देऊन राहिलो. बारा फोटो."

त्या वेळी रोल दुकानात मागितला की मिळे असं नव्हतं. आठ बाण आणि बारा फोटो. चार चुका माफ. मला ते पुरेसं वाटलं. एकविसाव्या वर्षी माणसाला चार चुका पुष्कळ वाटतात.

पहिला दिवस सुखाचा गेला. उद्घाटन दुसऱ्या दिवशी अकराला होतं आणि मैदानावर नुसते कामगार होते. ढोलीच्या आत पाऊल टाकलं आणि मी थांबलेच. ती लिंपलेली नव्हती, त्यामुळे विणीतून ऊन आत येत होतं. चाळणीतून पीठ पडावं तसं बारीक, सगळीकडे सारखं. ताज्या चिरलेल्या बांबूचा हिरवा वास होता. बाहेर ठोकाठोकी चालू होती आणि आत एकदम शांत. मी वास आणि उजेड यांवर लिहिणारी बाई नाही, पण त्या उजेडात काम करायला मिळालं याचा आनंद मला अजून आहे. फार सोयीचा उजेड होता. कुठेही सावली काळी होत नव्हती.

मधोमध कामगार नव्या धानाची पोती रिकामी करत होते. साहेबांच्या नकाशात तिथे एक सोनेरी ढीग होता आणि त्यातून वर आल्यासारखा लाकडी चौथऱ्यावर पंप. पोती ओतणाऱ्यांनी चपला बाहेर काढल्या होत्या. माझ्याही बाहेरच होत्या. रेगेसाहेब तेवढे बुटात होते. मुंबईचे पाहुणे, कुणी काही बोललं नाही.

आमचा कॅमेरा जुळ्या भिंगांचा. वरून खाली काचेत पाहायचं आणि त्या काचेत उजवं डावीकडे दिसायचं. कॅमेरा जरा वर झुकला की इमारत मागे पडल्यासारखी दिसते. म्हणून मी एका गवंड्याकडून पाणसळ मागून घेतली आणि दर वेळी कॅमेऱ्यावर ठेवून बुडबुडा मधे आणला. बाबूजी खुर्चीवर बसून सूचना देत होते. पंचवीस वर्षं माणसांचे फोटो काढलेला माणूस, त्याला ढोलीही गिऱ्हाईकच वाटत होती.

"हनुवटी वर आली इची."

"कुणाची?"

"ढोलीची. खाली घे जरा."

मी पाणसळ पाहिली. बुडबुडा खरंच सरकला होता. माणसांबद्दल असो की ढोलीबद्दल, त्यांची नजर चुकत नसे.

संध्याकाळपर्यंत सात बाण झाले, सात फोटोंत. एकही चूक नाही. उरला बाण क्रमांक एक, समोरून. ढोलीचं तोंड पूर्वेला होतं, त्यामुळे तो सकाळीच घ्यावा लागणार होता. रेगेसाहेबांनी हिशेब करून ठेवला होता. साडेनऊनंतर तणसाच्या टोपीची सावली दारावर उतरते, त्याआधी घ्या.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला पोचलो, तर ढोली नव्हतीच. वैनगंगेवरून धुकं आलं होतं आणि सगळं मैदान त्यात बुडालं होतं. हात लांब केला तर बोटं अंधुक दिसत. आम्ही तिघे ढोली जिथे असायला हवी तिकडे तोंड करून उभे होतो. मग धुक्यातून घुंगरं ऐकू यायला लागली. एक गाडी, दोन गाड्या, मग किती ते कळेना. जनावरांच्या प्रदर्शनासाठी सानगडीकडून, पवनीकडून, कुठून कुठून लोक बैल घेऊन येत होते. कुणाचं खोकणं, कुणाची विडी, कुणी बैलाला घातलेली शिवी. आठच्या सुमाराला धुकं विरळ झालं आणि पडदा वर जावा तशी ढोली दिसायला लागली. पिवळीधमक. तिच्यासमोर दोनशे माणसं होती.

उद्घाटन अकराला होतं खरं, पण ढोलीच्या दाराला कवाड नव्हतं. लोक आत जाऊन पाहत होते.

आता साहेबांची रचना अशी, की पुढून आत शिरायचं, राशीला वळसा घालायचा आणि मागून बाहेर पडायचं. कागदावर ते फार सुरेख दिसत होतं. पण आमच्याकडचा माणूस धानाच्या राशीजवळ चपला घालून जात नाही. खळ्यावरची रास असो की कंपनीच्या पंपाखालची. सगळ्यांनी पुढच्या दाराशी चपला काढल्या होत्या, मागच्या दाराने अनवाणी बाहेर पडले होते आणि ओल्या गवतातून अर्धी ढोली फिरून चपला शोधायला पुढे आले होते. त्यामुळे बाण क्रमांक एकच्या बरोबर समोर शंभर-दीडशे चपलांचा सडा आणि त्याच्यावर वाकलेल्या माणसांच्या पाठी.

"हे चपला का काढतायत?" रेगेसाहेबांनी मला विचारलं. "मी तशी पाटी लावलेली नाही कुठेही!"

"आत रास आहे ना."

"कसली रास?"

"धानाची. तुम्हीच तर ओतायला सांगितली."

"अहो, ती सजावट आहे!"

"ते तुम्हाला माहीत. त्यांच्यासाठी रास आहे."

त्यांनी हळूच आपल्या बुटांकडे पाहिलेलं मी पाहिलं.

मग ते लोकांना बाजूला करायला धावले आणि तिथे एक नवीच भानगड झाली. बाबूजींना कॅमेरा उभा दिसला आणि समोर माणसं दिसली, की त्यांचे पाय आपोआप चालू लागतात. ते गर्दीत शिरले आणि चांगल्या हाताने लोकांना रांगेत लावायला लागले. उंच मागे, बुटके पुढे. एकाची टोपी सरळ केली. एकाला म्हणाले, "खांदे पाड, बाप्पा, का तुले फाशी देऊन राहिलो?" रेगेसाहेब एका टोकाने माणसं हटवत होते आणि दुसऱ्या टोकाने बाबूजी उभी करत होते.

"अहो, हे काय करताय?"

बाबूजी भानावर आले. "सवय हाय जी," ते म्हणाले आणि ओशाळले. साहेबांनी त्यांना फार अदबीने चहाच्या टपरीवर बसायची विनंती केली. बाबूजी गेले, पण जाताना माझ्याकडे एकदा पाहून गेले. आता सगळं माझ्यावर होतं.

नकाशात पहिल्या बाणाची उंची जमिनीपासून सात फूट लिहिली होती. शिडीवर स्टँड राहत नाही. मी इकडेतिकडे पाहिलं, तर बाणाच्या जागेपासून दहा पावलांवर एक बैलगाडी उभी होती, बैल सोडलेली. गाडीत एक पन्नाशीची बाई शिंगाडे खात बसली होती. नवरा खाली बैलाला धरून उभा. सानगडीची सगुणाबाई, नाव मला नंतर कळलं, पण मैदानावर तिचा आवाज सकाळपासून सगळ्यांना कळत होता.

"मावशी, गाडी जरा पुढे घेऊ का? वर चढून फोटो काढायचाय."

"कायचा?"

"ढोलीचा. मधे कुणी नको, नुसत्या ढोलीचा."

तिने शिंगाडा सोलता सोलता थांबून मला न्याहाळलं. "मानसाबिगर फोटो कायले व माय? घरातलं कोनी गेलं का?"

"नाही हो. मुंबईला पाठवायचाय."

"मुंबईले ढोली नाही का?"

"नाही."

"मंग धान कशात ठेवते थे लोक?" उत्तराची वाट न पाहता तिने गाडीकडे हात केला. "गाडी घे. पन माह्या राजाचा एक फोटो काढून देजो."

"तुमचे मालक ना?" मी नवऱ्याकडे पाहिलं.

"नवऱ्याचा कायले? नवरा का बक्षिसाले उभा हाय? राजा म्हंजे बैल!"

नवरा सगळ्यांत मोठ्याने हसला. मी कबूल केलं. गाडी लोटून पुढे आणली, चाकांना दगड लावले, स्टँड वर चढवलं, पाणसळ ठेवली. पाच फोटो उरले होते. एक राजाचा गेला, म्हणजे चार.

आठवा फोटो काढताना नेमक्या क्षणी खालच्या कडेतून एक लाल पागोटं वर आलं. नवव्याला कुणीतरी गाडीला टेकून उभं राहिलं आणि सगळी ढोली हलली. नऊ वाजून गेले होते. टोपीची सावली दाराच्या वरच्या कडेला टेकली होती. माणसं आता विनंती केल्यावर थोडी मागे सरत होती, पण चपला? त्या जागच्या जागीच. मी गाडीवरून ओरडले, "बाप्पा हो, चपला तरी बाजूला घ्या की कुणी!"

"आपल्या घेतल्या नं आमी," खालून उत्तर आलं. "दुसऱ्याच्या चपलेले कोन हात लावल?"

खरंच, कोण लावणार? ज्यांच्या होत्या ते आत होते, नाहीतर बैलांकडे गेले होते. गाडीवर उभी राहून मी त्या चपलांकडे पाहत होते. एवढ्यासाठी माझं आयुष्य डार्करूममध्ये जाणार, असं मला अगदी स्पष्ट दिसलं. रागही आला. चपलांचा नाही, माझाच. काल सगळ्यांच्या चपला बाहेर पाहूनही आज काय होणार ते मला सुचलं नव्हतं.

तेवढ्यात रेगेसाहेब पुढे गेले. त्यांनी घड्याळ पाहिलं, सावली पाहिली, वाकले आणि दोन्ही हातांनी चपला गोळा करायला लागले. टायरच्या चपला, चामड्याच्या वहाणा, शेणाने माखलेले जोडे. छातीशी धरून ते उभे राहिले, तेव्हा त्यांचा पांढरा सदरा दिसेनासा झाला होता.

मग सगुणाबाईचा आवाज आला.

"अगा साहेब! पाप लावता का आमाले!"

आणि मग जी धावपळ उडाली! आतली माणसं बाहेर, बैलांकडची माणसं इकडे. जो तो साहेबांच्या हातातून आपली चप्पल ओढून घ्यायला लागला.

"सोडा जी, सोडा, माही हाय थे!"

"अहो, मी ठेवतो ना बाजूला!"

"तुमी नका हात लावू, साहेब, पाया पडतो!"

"पाया नका पडू, नुसते सरका!"

एक म्हातारा चप्पल ओढत होता, साहेब ती सोडत नव्हते आणि दोघेही एकमेकांची माफी मागत होते. साहेबांचा चष्मा एका कानावर लोंबत होता आणि ते हसत होते. दोन दिवसांत पहिल्यांदा. मागे ढोलीवर सगळं ऊन होतं. काचेत हे सगळं उलटं, डावीकडचं उजवीकडे दिसत होतं, आणि माझं बोट दाबलं गेलं. आधीचे नऊ फोटो मी विचार करून काढले होते. हा दहावा विचार न करताच निघाला.

मग मात्र हिशेब आठवला. दोनच उरले होते आणि त्यातला एक बैलाचा.

पण खाली पाहते तर काय, दारासमोरची जमीन मोकळी होती. अगदी झाडून काढल्यासारखी. माणसं आपापल्या चपला हातात घेऊन माझ्या गाडीच्या मागे येऊन उभी राहिली होती. पायात घालायचंही कुणाला सुचलं नव्हतं. साहेब त्यांच्यातच होते.

"आता काढ, माय, बिगीनं," सगुणाबाई म्हणाली. तीसुद्धा हळू आवाजात.

बुडबुडा मधे होता. मी श्वास धरला आणि अकरावा काढला. मागे शंभर माणसं श्वास धरून होती, हे मला पाठीला कळत होतं. खटका वाजला आणि कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. चपला हातात असल्यामुळे त्या टाळ्यांचा आवाज भलताच मोठा झाला.

बारावा राजाचा. शिंगांना गोंडे, पाठीवर झूल, नजर थेट कॅमेऱ्यात. नवऱ्याला चौकटीबाहेर राहायला सांगितलं होतं, तरी त्याचा एक कान आलाच.

त्याच दुपारी रोल धुतला. ओली पट्टी तारेवर लावली आणि बाबूजी भिंग घेऊन एकेक पाहू लागले. अकराव्यापाशी बराच वेळ थांबले. "सरय हाय," एवढंच म्हणाले. रेषा सरळ आल्या होत्या. मग ते दहाव्याकडे वळले आणि त्यांना हसू फुटलं. प्लास्टरचा हात पोटाशी धरून ते स्टुलावर बसून हसत राहिले. डोळे पुसून झाल्यावर म्हणाले, "हा नको पाठवू. साहेबाची फजिती हाय. काम जाईल हातचं."

आठ फोटो मोठे छापले. रजिस्टरने पाठवायच्या पाकिटात मी नववा म्हणून तो चपलांचा दहावाही घातला. धाडस वगैरे काही नव्हतं. आठ फोटो चांगले होते, तो त्यांच्याहून चांगला होता, आणि चांगला फोटो डब्यात ठेवून देणं मला जमत नाही. पोस्टातून परत आले आणि बाबूजींना सांगून टाकलं. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले ते रसायन संपल्याबद्दल.

नंतरच्या आयुष्यात मी पुष्कळ रिकाम्या इमारतींचे फोटो काढले. शाळा, दवाखाने, एक सबंध सूतगिरणी. रिकामी जागा पाहायला शिकावं लागतं. ते मला रेगेसाहेबांनी शिकवलं आणि अजून उपयोगी पडतं. पण प्रत्येक वेळी खटका दाबायच्या आधी मी एकदा मागे वळून पाहते, की आपण कुणाकुणाला बाजूला केलंय. ती माणसं माहीत असली की फोटो बरा येतो. का ते मला सांगता येणार नाही. येतो एवढं खरं.

त्या पाकिटाचं तीन आठवडे उत्तर आलं नाही. खळ्यांवरची धानाची चुरणी संपत आली. बांध्यांमध्ये लाखोळीचं पुढचं पीक हिरवं दिसायला लागलं. पोस्टमन समोरून सायकलवर जायचा आणि बाबूजी मुद्दाम दुसरीकडे पाहायचे. बाहेरच्या कामाचा विषय मी काढला नाही. कबूल केलं होतं.

मग पत्र आलं. रेगेसाहेबांनी लिहिलं होतं, की आठ फोटो नकाशाबरहुकूम आले आहेत आणि संचालकांनी ते पाच मिनिटांत पाहून बाजूला ठेवले. मग पाकिटातून नववा निघाला. तो अर्धा तास टेबलावर हातोहात फिरला. त्यांच्यातल्या सर्वांत वयस्कर गृहस्थांनी विचारलं, "आपल्या पंपापुढे लोक चपला काढतात?" तेव्हा साहेबांना राशीची सगळी हकीकत सांगावी लागली. पुढच्या हंगामात ढोली होणार होती, आणखी दोन जिल्ह्यांत. आत यायची आणि बाहेर पडायची वाट पुढूनच असेल आणि दाराशी चपलांसाठी बांबूची फळी असेल. खाली एक ओळ होती. फोटो याच छायाचित्रकाराने काढावेत.

बाबूजींनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि खणात ठेवलं. आमच्या घरात कौतुक तोंडावर करायची पद्धत नाही. मीही माझ्या मुलांचं करत नाही.

चार दिवसांनी प्लास्टर निघालं. मनगट बारीक झालं होतं, पण हात चालत होता. त्यांनी कॅमेरा उचलून पाहिला, कापडाने पुसला आणि खांद्याला अडकवून पाहिला. मी फोटोंच्या कडा कापत होते. आता पुन्हा सगळं पहिल्यासारखं, असं मनात म्हटलं आणि कात्री चालू ठेवली.

तेवढ्यात पवनीहून एक गृहस्थ आले. मुलीचं लग्न होतं, महिन्याभराने. ते सरळ बाबूजींपुढे जाऊन उभे राहिले.

"तुमीच येजा जी फोटोले. दुसरं कोनी नको."

बाबूजींनी खांद्यावरचा कॅमेरा काढला आणि काउंटरवर माझ्या बाजूला ठेवला.

"तारीख तिले विचारा."

"कोनाले?"

"पोरीले. बाहेरचं काम आता थेच पाहते."

गृहस्थांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जमल का, बाई?"

"जमेल," मी म्हटलं. "लग्न किती वाजता? आणि मांडवाचं तोंड कुठे आहे?"

"तोंड?" ते गडबडले. त्यांनी मनातल्या मनात आपल्या अंगणात जाऊन पाहिलं. "पूर्वेले."

"मग मी सकाळी साडेसातला येते. तुमची माणसं तयार ठेवा, सगळी."

बाबूजी खिडकीतून रस्त्याकडे पाहत होते. तारीख लिहून घ्यायला मी पेन शोधत काउंटरखाली वाकले आणि बराच वेळ तशीच वाकून राहिले. पेन माझ्या हातातच होतं.